घोषणा ऐकून कान किटले. आता कागद कोणते वाचायचे?

चष्मेबहाद्दर

सकाळी सहा ते रात्री दहा ही भोंग्याची परवानगीची वेळ, आणि त्या सोळा तासांत मतदाराच्या उपयोगाचं एक वाक्य कानावर पडत नाही. घोषणांचा साचा बघा. १९७१ चं 'गरिबी हटाओ', २००४ चं 'इंडिया शायनिंग', २०१४ चं 'अच्छे दिन आनेवाले हैं', त्याच वर्षीचं 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा'. पक्ष वेगळे, पण चारही वाक्यांतून कर्ता गायब. कोण हटवणार, कोण आणणार, कुणी नेऊन ठेवला, याचं उत्तर ऐकणाऱ्याने आपापल्या आवडीप्रमाणे भरायचं.

घोषणा सोडून चिन्हाला धरावं, तर निष्ठावंत मतदाराचीच पंचाईत जास्त. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाकडे गेलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं घड्याळ. चिन्ह तेच, माणसं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. निष्ठा नक्की कशाशी ठेवायची, हा प्रश्न आता टवाळीचा राहिलेला नाही.

तर धाग्याचा विषय असा: घोषणा आणि चिन्ह बाजूला ठेवलं तर मतदाराला तपासता येईल असं हातात काय उरतं? ते वाचायचं कसं, आणि वाचताना फसगत कुठे होते? किस्से नकोत, कोण किती वाईट याची यादीही नको. रीत सांगा.

सातबारा

शपथपत्रापासून सुरू करा. अख्ख्या प्रचारात उमेदवाराने शपथेवर सही केलेला कागद तेवढा एकच. लोकसभा-विधानसभेला तो 'नमुना २६' मध्ये असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे तो आपल्याला बघायला मिळतो. अर्ज भरल्यावर तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कँडिडेट' ॲपवर स्कॅन करून टाकतात.

वाचणारे बहुतेक जण शेवटचा भाग ब, म्हणजे गोषवारा, उघडतात, एकूण मालमत्तेचा आकडा बघतात आणि 'पाच वर्षांत तिप्पट!' म्हणून फॉरवर्ड करतात. त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. स्थावर मालमत्ता चालू बाजारभावाने दाखवायची असते. उमेदवाराने काडीही हलवली नाही तरी शहराजवळच्या जमिनीचा आकडा फुगतोच.

त्यापेक्षा भाग अ मधला स्थावरचा तक्ता घ्या आणि मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. प्रत्येक जमिनीपुढे सर्वे नंबर, क्षेत्र, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि वडिलोपार्जित आहे की नाही हे लिहावं लागतं. जुन्या यादीत नसलेल्या ओळींवर खूण करा. समजा खरेदी २०२१ ची, किंमत १ कोटी ८० लाख. आता पहिल्या पानांवर परत या, तिथे पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न वर्षवार दिलेलं असतं. त्याची बेरीज ४० लाख आली, तर उरलेल्या पैशाचा माग कर्जाच्या तक्त्यात लागायला हवा, किंवा जुनी एखादी मालमत्ता यादीतून कमी झालेली दिसायला हवी. दोन्ही नसेल तर तुमच्याकडे विचारायला एक नेमका प्रश्न तयार झाला.

मात्र लगेच कुणाला चोर ठरवू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रातला एकूण आकडा लहान दिसू शकतो. म्हणून उत्पन्नाच्या स्रोताचा रकाना जोडीला बघायचा. तिथे 'शेती व व्यवसाय' एवढंच मोघम लिहिलं असेल, तर कोणता व्यवसाय, हे विचारायला हरकत नाही.

तीन जागा अशा, जिथे फारसं कुणी जात नाही. पहिली, सरकारी कंत्राटांची. स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेले आणि ज्या भागीदारीत किंवा खासगी कंपनीत हिस्सा आहे ती, या सगळ्यांची कंत्राटं सांगावी लागतात. दुसरी, सरकारी देण्यांची: गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी, फोन यांची बाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. तिसरी, 'हिंदू अविभक्त कुटुंब' हा रकाना, जो २०१९ पासून आला. त्याआधीच्या शपथपत्राशी तुलना करताना तिथली मालमत्ता अचानक उगवल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती जुनीच असू शकते.

एक मोठी पळवाट माहीत असू द्या. जोडीदार आणि *अवलंबून असलेली* माणसं एवढ्यांचीच माहिती द्यायची असते. कमावता मुलगा किंवा सून यात येत नाही. व्यवहार त्यांच्या नावावर असतील तर शपथपत्र अगदी स्वच्छ दिसेल.

चौकातला

सातबारा, मालमत्तेचं समजलं. पण गुन्ह्यांच्या तक्त्याचं काय? एकावर ११ गुन्हे, दुसऱ्यावर एक. पत्रकात '११ गुन्ह्यांचा धनी' म्हणून छापतात आणि लोक तेच धरून बसतात.

सातबारा

गुन्ह्यांची संख्या मोजू नका, कलमं वाचा. आंदोलनं करणाऱ्या कार्यकर्त्यावर बेकायदा जमावाचं भारतीय दंड विधान (भादंवि) १४३, मनाईहुकूम मोडल्याचं १८८ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ अशी कलमं ढिगाने असतात. रास्ता रोको केला की हीच लागतात. ती ११ असली तरी त्यांचं वजन एक. याउलट ४२० किंवा ४०९ एकदाच असेल, तरी तिथे थांबून वाचा. ४०९ म्हणजे लोकसेवकाने, बँकरने वगैरे केलेला विश्वासघात.

सध्या एक नवा घोळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आकडे बदलले. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), लोकसेवकाच्या विश्वासघाताचं ४०९ आता ३१६(५), बेकायदा जमाव १८९, मनाईहुकूम मोडणं २२३. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं राहतात, त्यामुळे एकाच तक्त्यात दोन्ही भाषा दिसतील.

मग बघायचं, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का. तो रकाना वेगळा असतो. नुसता एफआयआर असणं आणि आरोप निश्चित होणं यात बरंच अंतर आहे. खटला चालू असताना कुणी अपात्र ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्रता येते, ती सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. काही ठरावीक गुन्ह्यांत त्याहून कमी शिक्षाही पुरते.

प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. अक्षर किमान १२ पॉइंटचं हवं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानंतर पक्षालाही सांगावं लागतं, की स्वच्छ माणूस सोडून हाच का निवडला. 'निवडून येऊ शकतो' हे एकटं कारण चालत नाही. हे कारण पक्षाच्या संकेतस्थळावर असतं. दहा उमेदवारांची कारणं शेजारी शेजारी ठेवून वाचा, घोषणा तरी बऱ्या वाटतील.

निमूट

रकाना कोरा ठेवला किंवा खोटं लिहिलं तर?

सातबारा

दोन्हीचे परिणाम वेगळे. कोरा रकाना चालत नाही, 'निरंक', 'लागू नाही' किंवा 'माहीत नाही' यातलं काहीतरी लिहावंच लागतं. सांगूनही भरला नाही तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज बाद करू शकतो, हे २०१३ मध्ये ठरलं. खोटं आहे असा संशय असला तरी अधिकारी छाननीत अर्ज बाद करत नाही, ती शहानिशा न्यायालयात होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तुमच्याकडे पुरावा असेल तर प्रतिशपथपत्र देता येतं, तेही आयोगाच्या संकेतस्थळावर मूळ शपथपत्राजवळ लागतं. लोकांना वाटतं हा हक्क फक्त विरोधी उमेदवारालाच आहे. तसं नाही.

दुसरा_बाक

धागा छान चाललाय, पण 'पक्ष बघू नका, माणूस बघा' या वळणावर जाण्याआधी ब्रेक लावतो. विधानसभा-लोकसभेला निव्वळ माणूस बघणं ही शुद्ध भाबडेपणाची गोष्ट आहे.

कारण राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने ती आली. व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे तुमचा उच्चशिक्षित, निष्कलंक, रात्री फोन उचलणारा आमदार सभागृहात हात वर करताना पक्षाचाच हात असतो. विधेयकावर त्याचं वैयक्तिक मत काय, हे विचारून उपयोग शून्य. तिथे पक्षाची भूमिका बघून मत देणारा माणूस आंधळा निष्ठावंत नसतो, तो व्यवस्था कशी चालते ते ओळखून मत देत असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग पक्षांतर करणाऱ्यांचं काय झालं? तिथेच ग्यानबाची मेख आहे. मूळ कायद्यात एक तृतीयांश फुटले तर 'फूट' म्हणून माफ होतं, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढलं. उरलं विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात. पण अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचे. महाराष्ट्रात ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की व्हिप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. त्यानंतर १० जानेवारी २०२४ ला शिवसेनेचा आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचा निकाल अध्यक्षांनी दिला. दोन्हींत कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

थोडक्यात, एकटा आमदार विवेकाने वेगळं मत देऊ पाहील तर कायदा त्याला धरतो आणि पुरेसा मोठा गट निघाला तर वाट सापडते. 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग १९६७ चा, हरियाणातला. तेव्हा एकेकटे जायचे, आता घाऊक जातात.

चष्मेबहाद्दर

दुसरा_बाक, बिनतोड. पण मग पक्ष बघून दिलेलं मत पक्ष फुटल्यावर कुठे जातं? तुमच्याच परिच्छेदाने तुमचा मुद्दा अर्धा खाल्ला की.

दुसरा_बाक

खाल्लाच. म्हणून तर उमेदवाराचा प्रवास बघायचा: दोन-तीन निवडणुकांची शपथपत्रं उघडा आणि प्रत्येक वेळी कोणत्या पक्षाने उभं केलं ते वाचा, पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम. तीन निवडणुका, तीन पक्ष असतील तर पक्षाची भूमिका बघून त्याला मत देण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या सभेतल्या 'निष्ठा' या शब्दावर हसायला हरकत नाही.

कोपरासभा

निष्ठेवरून, तिकीट म्हणजे प्रत्यक्षात काय कागद असतो ते सांगतो. सगळ्या नाट्याचं मूळ त्यात आहे.

पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरतो एबी फॉर्मने. ए फॉर्म म्हणजे अमुक पदाधिकाऱ्याला उमेदवार कळवायचा अधिकार दिला, बी फॉर्म म्हणजे अमुक माणूस आमचा उमेदवार. दोन्हींवर शाईची सही लागते, झेरॉक्स किंवा शिक्का मारलेली सही चालत नाही. आणि दोन्ही अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेला फॉर्म म्हणजे रद्दी. वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्याचा पत्ता कापायचा असेल तर पक्ष यादी लांबवतो आणि एबी फॉर्म शेवटच्या दुपारी थेट दुसऱ्याच्या हातात देतो, म्हणजे बंडखोराला दुसऱ्या पक्षाचा फॉर्म मिळवायला वेळच उरत नाही. तो अपक्ष उभा राहतो. मग अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत त्याची मनधरणी चालते.

यातून मतदाराने घ्यायचं ते एवढंच: घरी आलेला कार्यकर्ता ज्याच्यासाठी मत मागतोय, तो पक्षात कधी आला हे त्याला विचारा. उत्तर देताना चेहरा बघण्यासारखा असतो.

पत्रकाबद्दलही. हातात आलेल्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे बंधनकारक आहे. सगळ्यात विखारी मजकूर ज्यावर असतो, त्यावर हे नेमकं नसतं. तसं निनावी पत्रक आलं तर मजकुरावर वाद घालत बसू नका आणि फोटो काढून गटागटांत फिरवू नका, फिरवलात की छापणाऱ्याचं काम फुकटात झालं. मूळ कागद निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या. लोकसभा-विधानसभेला आचारसंहिता भंगाच्या तक्रारीसाठी आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, पण त्यात जागेवर काढलेलाच फोटो किंवा व्हिडिओ चालतो, गॅलरीतला नाही. तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची असते.

आकडेमोड

जाहीरनाम्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. जाहीरनामा पाळला नाही म्हणून न्यायालयात जाऊन आश्वासन पूर्ण करून घेता येत नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्याच निकालामुळे आचारसंहितेत जाहीरनाम्याचं प्रकरण आलं: आश्वासनामागचा तर्क आणि पैसा कुठून येणार याची ढोबळ कल्पना द्यावी. ती 'ढोबळ कल्पना' शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

म्हणून गणित आपणच करायचं. २०२४ च्या विधानसभेला लाडकी बहीणचे १,५०० महायुती २,१०० करणार होती, महाविकास आघाडी ३,००० देणार होती. महायुतीचा फरक महिन्याला ६०० म्हणजे वर्षाला ७,२००, म्हणजे दर एक कोटी महिलांमागे ७,२०० कोटी. आघाडीचा फरक १,५००, म्हणजे दर एक कोटी महिलांमागे १८,००० कोटी. आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली तरतूद बघा: ३६,००० कोटी. जुन्याच १,५०० च्या दराने एका महिलेला वर्षाला १८,००० रुपये धरले तर त्यात बरोबर दोन कोटी महिला बसतात. म्हणजे २,१०० येणार की नाही याचं उत्तर अर्थसंकल्प मांडला त्या दिवशीच छापलेलं होतं, भाषण ऐकायची गरज नव्हती. हा भागाकार कुठल्याही पक्षाच्या कुठल्याही आश्वासनाला लावा.

दुसरी चाळणी अखत्यारीची. मुंबईतलं ५०० चौरस फुटांचं घर घ्या. अशा घरांचा मालमत्ता कर माफ करायचं आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीतलं. पण कराची सूट कायद्यात बसवायची तर १८८८ चा मुंबई महापालिका कायदा बदलायला हवा, आणि तो राज्याच्या विधिमंडळाचा विषय. २०१९ मध्ये माफ झाला तो फक्त 'सर्वसाधारण कर' हा एक घटक. बिलात पाणीपट्टी लाभ, मलनिस्सारण, शिक्षण उपकर वगैरे बाकीचे घटक तसेच राहिले आणि लोक चक्रावले: माफ झालं तर बिल कसलं? पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासूनची. एका ओळीच्या आश्वासनाला पाच वर्षं लागली, आणि त्यातलं बरंचसं आश्वासन देणाऱ्या पदाच्या हातातच नव्हतं.

तेव्हा नगरसेवकपदाचा उमेदवार रोजगार देतो म्हणाला, किंवा खासदारकीचा उमेदवार गल्लीतलं गटार दुरुस्त करतो म्हणाला, की आधी हेच विचारायचं: हे तुमच्या टेबलावर येतं का?

निमूट

'आमदार निधीतून' असे फलक चौकाचौकांत असतात. ते खरे किती, हे तपासता येतं?

आकडेमोड

येतं. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी आणि खासदारालाही ५ कोटी. हा पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करतं. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. माहिती अधिकारात मागायची तर राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात निधीही विचारला, रस्त्याचं कंत्राटही विचारलं, की अर्ज अडकतो. मागायचं असं: 'अमुक आर्थिक वर्षात अमुक मतदारसंघात सुचवलेली, मंजूर झालेली आणि पूर्ण झालेली कामे, रकमेसह यादी'. *सुचवलेली* आणि *पूर्ण झालेली* हे दोन शब्द महत्त्वाचे, फलक बहुतेकदा पहिल्या शब्दावरच लागतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज टाकलात तर उत्तर मतदानाआधी हातात येईलच असं नाही.

चौकातला

म्हणजे प्रचार सुरू झाल्यावर हातात फक्त शपथपत्रंच. तीही एवढी वाचून होतात?

सातबारा

होतात. अधिसूचनेपासून अर्जाला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर मतदानाला निदान चौदा दिवस. म्हणजे अंतिम यादी हातात आल्यावर दोन आठवडे असतात. सगळ्यांची वाचू नका, जे दोन-तीन तुमच्या विचारात आहेत तेवढ्यांची वाचा. एकाला चाळीस मिनिटं पुरतात, जुनं शपथपत्र शेजारी धरून.

निमूट

आणि सगळेच नापसंत असतील तर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण. पण त्याने काही होतं का?

दुसरा_बाक

लोकसभा-विधानसभेला निकालावर काहीच परिणाम नाही. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. डिपॉझिट वाचायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातही नोटाची मतं धरत नाहीत. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून अधिक मतं घेऊन दुसरा आला. नोंद झाली, बाकी सगळं जसंच्या तसं.

स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथला नियम वेगळा. आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे नोटा हा 'काल्पनिक उमेदवार' धरला जातो आणि तो पहिला आला तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची.

कोपरासभा

स्थानिक निवडणुकीचा विषय निघालाच आहे तर पक्षनिष्ठेचा सगळ्यात महागडा घोटाळा सांगून टाकतो. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचे. अ, ब, क, ड. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, मत वेगळं, मतपत्रिकेचा रंग वेगळा. कार्यकर्ते मात्र 'पॅनेल टू पॅनेल' सांगत फिरतात: चारही ठिकाणी एकच चिन्ह दाबा. लोक दाबतात, आणि चौघांपैकी एक दमदार माणूस बाकी तिघांना ओढून नेतो. त्या तिघांची नावंही मतदाराला माहीत नसतात.

चार जागांवर चार वेगळ्या पक्षांना मत देता येतं. त्याने मत बाद होत नाही, ही भीती मुद्दाम पसरवलेली असते. बाद-बिद काही नाही, यंत्र आहे ते.

चौकातला

आणि एकाच जागेचा उमेदवार पसंत असेल तर? एक बटण दाबून बाहेर पडायचं?

कोपरासभा

नाही, चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही आणि शेवटचा लांब बीप वाजत नाही. एक दाबून निघालात तर केंद्राध्यक्ष परत बोलावतात, मागची रांग ओरडते, आणि गोंधळात उरलेली तीन बटणं कशीही दाबली जातात. प्रत्येक जागेखाली नोटाचं बटण वेगळं असतं. नको असलेल्या जागांसाठी ते वापरा. घरून निघतानाच चिठ्ठीवर अ, ब, क, ड पुढे चार नावं किंवा नोटा लिहून खिशात टाका. फक्त ती चिठ्ठी पक्षाच्या टेबलावर मिळालेल्या, चिन्ह छापलेल्या स्लिपच्या पाठीमागे लिहू नका, तसली स्लिप घेऊन केंद्रात जाऊ देत नाहीत.